आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेत पावसाचा घनता-आलेख (कोणते आकडे किती दाट येतात हे दाखवणारा वक्र) शून्याच्या खाली का जातो?

धुळ्याच्या रोजच्या पावसाचा वक्र उणे मिलिमीटरमध्ये जातो, कारण डेन्सिटी फंक्शन टोकाच्या आकड्यापलीकडे बँडविड्थच्या (वक्र किती गुळगुळीत करायचा हे ठरवणाऱ्या रुंदीच्या) तिप्पट अंतरापर्यंत वक्र ओढतं. 'फ्रॉम' (वक्र कुठून सुरू करायचा तो आकडा) शून्य दिलं तर वक्र नुसता कापला जातो, क्षेत्रफळ 1 भरत नाही.

आधी 'एनए ओमिट'ने रिकाम्या नोंदी गाळा, नाहीतर एरर येते. कोरडे दिवस वेगळे काढून त्यांचं प्रमाण स्वतंत्र सांगा; खान्देशात ते पावसाळ्यातही बरेच असतात. उरलेल्या आकड्यांवर बँडविड्थ 'एसजे' (शेदर-जोन्स) पद्धतीने काढा. पद्धत सांगितली नाही तर आर आपोआप जी वापरतं, ती वक्राला दोन उंचवटे असले तर ते एकात मिसळू शकते. मग शून्याखाली सांडणारा भाग परत वर घेण्यासाठी हेच आकडे आणि त्यांची ऋण रूपं एकत्र करा, तीच बँडविड्थ द्या, 'फ्रॉम' शून्य ठेवा आणि आलेली उंची दुप्पट करा.