सामाईक सी-प्लेन : हिशेबाच्या वहीआधी पाण्याची वही

प्रश्न : माझ्याकडे पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स आहे. फ्लोटवरचं (पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ पायांचं), चाकंही असलेलं चार आसनी उभयचर विमान घेऊन सोलापुरात ठेवायचा विचार आहे. एकट्याला खर्च झेपणार नाही. तीन वैमानिक मित्र तासाला ठरलेले पैसे देऊन ते उडवतील, तर चालेल का?
– एक सूत व्यापारी, सोलापूर

उत्तर : तासाचं भाडं घेऊन चालणार नाही. खासगी वर्गात नोंदलेलं विमान मोबदल्यावर देता येत नाही; त्यासाठी डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं वेगळं परमिट लागतं. मार्ग आहे तो मालकीच वाटून घेण्याचा. चौघांची कंपनी करा, विमान तिच्या नावावर घ्या आणि खर्च वाटून घ्या. त्यातून कुणालाही नफा नको. कराराचा मसुदा विमान खरेदीच्या आधी वकिलाकडून तपासून घ्या. चौघांच्याही लायसन्सवर एक इंजिनाच्या जमिनीवरच्या आणि पाण्यावरच्या, अशा दोन्ही वर्गांची नोंद हवी.

विम्यात चौघांची नावं आणि पाण्यावरच्या उड्डाणांच्या अनुभवाचे तास लिहिलेले असावेत. पॉलिसीत न बसणाऱ्या वैमानिकाने विमान नेलं आणि अपघात झाला, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. दाव्यातली स्वतः भरायची रक्कम त्या वेळी उडवणाऱ्याने भरायची, हेही करारातच लिहा.

प्रश्न : खर्चाची वाटणी कशी करावी?
– याच वाचकाकडून

उत्तर : विमा, हँगर, वार्षिक तपासणी हा बांधील खर्च. तो चौघांनी सारखा, दरमहा भरायचा, विमान उडवो न उडवो. इंधन, ऑइल आणि इंजिनाचा ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) निधी तासावर. लहान विमानांत वापरल्या जाणाऱ्या लायकॉमिंग ओ-360 घराण्यातल्या बहुतेक इंजिनांना 2,000 तासांची ओव्हरहॉल मर्यादा असते. ओव्हरहॉलला 20 लाख लागतील असं धरलं, तर तासाला 1,000 रुपये बाजूला पडले पाहिजेत. हा निधी वेगळ्या खात्यात ठेवा. बहुतेक भागीदाऱ्या इथेच कच्च्या राहतात : इंजिन उतरवायची वेळ येते आणि खात्यात काही नसतं.

सी-प्लेनमध्ये आणखी एक हिशेब लागतो, तो पाण्यावरच्या लँडिंगचा. एकाने तासात एकदाच धावपट्टीवर उतरायचं आणि दुसऱ्याने त्याच तासात पाण्यावर दहा वेळा, तर झीज सारखी होत नाही. फ्लोटचे रिव्हेट, वॉटर रडरच्या (पाण्यात दिशा देणाऱ्या सुकाणूच्या) केबल, चाकांची बेअरिंग हे पाण्याने खराब होतं; तुषारांत जोरात फिरवलेल्या प्रोपेलरच्या कडा खड्डे पडून झिजतात. म्हणून दर पाण्याच्या लँडिंगमागे छोटी रक्कम फ्लोट निधीत टाका.

प्रश्न : एकाने ठेवलेलं विमान दुसऱ्याने घेताना काय तपासावं?
– प्रशिक्षणार्थी वैमानिक, बार्शी

उत्तर : सामाईक सी-प्लेनचा सगळा जीव या प्रश्नात आहे. प्रत्येक फ्लोटमध्ये वेगवेगळे जलरोधक कप्पे असतात आणि प्रत्येकात थोडं पाणी झिरपतंच. उड्डाणाआधी हातपंपाने प्रत्येक कप्पा उपसायचा आणि पंपाचे किती झटके लागले ते वहीत लिहायचं : डावा 1, डावा 2, असं क्रमाने. डाव्या तिसऱ्या कप्प्याला नेहमी दोन झटके पुरत असतील आणि आज वीस लागले, तर तिथे रिव्हेट सुटलाय, शिवण उघडलीय किंवा उपसनळीचं तोंड बंद करणारा रबरी चेंडू हरवलाय. एकट्या मालकाला हे आठवतं. चौघांत ते वहीतच असावं लागतं. मागच्या कप्प्यात 40 लिटर पाणी राहिलं, म्हणजे 40 किलो वजन शेपटीकडे गेलं. विमानाचा तोलच बदलतो.

कुठे आपटलं, दगडाला घासलं, तर परतल्यावर त्याच दिवशी लिहा आणि बाकीच्यांना फोन करा. लिहिणाऱ्याला दंड लावू नका. दंडाच्या भीतीने लपवलेला ओरखडा पुढच्या वैमानिकाच्या जिवावर येतो.

उभयचरातला सर्वांत घातक प्रकार म्हणजे चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरणं. चाकं पाण्यात अडतात आणि विमान नाकावर उलटतं. धावपट्टीवरून निघून चाकं वर घ्यायची राहिली, की हे घडतं. चौघांनी एकच वाक्य ठरवा आणि दर लँडिंगला मोठ्याने म्हणा : “पाण्यावर उतरतोय, चाकं वर.” मग आरशात किंवा चाकांची स्थिती दाखवणाऱ्या दिव्यावर खात्री करा. वॉटर रडरही उड्डाण आणि लँडिंग दोन्ही वेळी वर.

प्रश्न : उजनीत उतरता येईल का?
– एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : जलाशय मोठा आहे एवढ्यावर नाही. जलसंपदा विभाग, जिल्हा प्रशासन आणि डीजीसीए यांच्या परवानग्या आधी. भिगवणकडचा भाग तर टाळाच. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगोंचे थवे असतात. मासेमारीची जाळी सगळीकडे असतात, त्यांचे तरंगते डबे वरून सहज दिसत नाहीत, आणि जाळं वॉटर रडरमध्ये अडकतं.

पातळी रोज पाहा. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. मग पाण्याखाली लपलेले खुंट, भिंती, बांध किती वर आले असतील याचा अंदाज करा. गेल्या महिन्यात सुरक्षित असलेली पट्टी आज तशी असेलच असं नाही. म्हणून वहीत तारखेबरोबर धरणाची पातळीही हवी.

हिवाळ्यातल्या पहाटे पाणी आरशासारखं असतं आणि उंची कळत नाही. काठाजवळून, इंजिनाची ताकद ठेवून, मिनिटाला सुमारे 150 फुटांनी, नाक किंचित वर ठेवून पाणी लागेपर्यंत उतरायचं. मे महिन्यात उलटी अडचण : जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 फुटांवर, त्यात 42 अंश तापमान, म्हणजे हवा पाच हजार फुटांहून वर असते तितकी विरळ. चार माणसं आणि भरलेली टाकी घेऊन फ्लोट पाण्यातून सुटणारच नाहीत. दोघे जा, इंधन निम्मं ठेवा, सकाळी आठच्या आत उड्डाण करा.