आईची वजन कमी करण्याची स्लीव्ह सर्जरी होऊन तीन आठवडे झालेत. दोन चमचे वरण घेतलं की पोट भरलं म्हणते. आम्ही शाकाहारी. एवढ्यावर तिचं कसं भागेल?

दोन चमच्यांत पोट भरतंय याला घाबरू नका. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढतात आणि आतली सूजही अजून पुरती उतरलेली नसते. माझी हीच सर्जरी चार वर्षांपूर्वी झाली, मीही शाकाहारी. पाहायचं ते एवढंच, की त्या दोन चमच्यांत आहे काय.

आपल्याकडे आजाऱ्याला पेज, वरणाचं पाणी, शहाळं देतात. माझ्या सासूबाईंनीही जीव ओतून तेच केलं. पण त्यात प्रोटीन जवळपास नसतंच, आणि आईंना दिवसाला साधारण 60 ग्रॅम तरी हवं. ते मिळालं नाही तर चरबीबरोबर अंगातली ताकदही झडते. वाटीभर घट्ट वरणातूनसुद्धा जेमतेम 6-7 ग्रॅम मिळतं, आणि वाटीभर त्यांना जाणारच नाही.

मला चक्क्याने तारलं. रात्री दही फडक्यात बांधून टांगायचं, सकाळी चक्क्यात मीठ-जिरेपूड घालून ताकाने सैल घोटायचं. साखर अजिबात नाही. मऊ पनीर दुधात वाटूनही जातं; 100 ग्रॅममध्ये 18 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. तरी पहिले काही महिने प्रोटीन पावडरीशिवाय बेरीज जुळत नाही, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. डाएटिशियनने दिलेला तक्ता मात्र मोडू नका.

पुढे ताट वाढायला लागाल तेव्हा आधी पनीर-डाळ, मग भाजी, भात-पोळी शेवटी. जेवताना पाणी नको, जेवल्यावर अर्ध्या तासाने घोट घोट.

आणि आग्रह करू नका, अगदी "एकच चमचा" असाही नाही. पाचव्या आठवड्यात मी पाहुण्यांच्या आग्रहाखातर पोळीचा एक घास घेतला, नीट चावलाही नाही. छातीच्या मधोमध दगड बसावा तसं झालं, तोंडाला फेसाळ लाळ सुटली, वीस मिनिटं बेसिन धरून उभी होते. आईंना उचकी लागली किंवा नाकाला पाणी सुटलं तर चमचा खाली ठेवायला सांगा.

बी12, डी, लोह, कॅल्शियम हे आता कायमचं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाची गोळी चहासोबत नको. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू शकतात. बहुतेकींचे परत येतात, पण तेलं बदलत बसण्यापेक्षा फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि बी12 तपासा.

एका गोष्टीत मात्र दिवस घालवू नका. उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अशा वेळी थायमिन, म्हणजे बी1, फार लवकर संपतं. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी निघा, आणि गेल्या गेल्या सर्जरी कधी झाली, उलट्या किती दिवस आहेत, हे आधी सांगा.