विंचवाच्या दंशावर रक्तदाबाची गोळी कशासाठी?

प्रश्न : मी जी.एन.एम.च्या (परिचारिका अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डच्या ड्यूटीत विंचू चावलेला सात वर्षांचा मुलगा दाखल झाला. हातपाय गार, अंग घामाने भिजलेले, पण रक्तदाब सामान्य होता. तरीही डॉक्टरांनी प्राझोसिन दिले. आमच्या पुस्तकात हे औषध उच्च रक्तदाबाच्या प्रकरणात आहे. मग ते येथे का दिले? – एक विद्यार्थिनी, रायगड जिल्हा

उत्तर : आधी विष काय करते ते पाहू. कोकणातील लाल विंचवाचे विष चेतातंतूंवरील सोडियमच्या वाहिन्या (सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारे) वेळेवर मिटू देत नाही. तंतू उत्तेजितच राहतात आणि ॲड्रिनॅलिन, नॉरॲड्रिनॅलिन यांचा रक्तात लोंढा येतो. ही रसायने रक्तवाहिन्यांवरील अल्फा-१ ग्राहींना (रसायनांचा संदेश टिपणाऱ्या जागांना) चेतवतात, वाहिन्या आवळल्या जातात, त्वचेला रक्त कमी पोचते (तुमच्या हाताला लागलेला गारवा तो हाच) आणि या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त लोटता लोटता हृदयाचा डावा कप्पा थकला की फुप्फुसांत पाणी साचते. हृदय थकू लागल्यावर चढलेला रक्तदाब उतरतो, म्हणून 'सामान्य' आकडा येथे फसवा ठरू शकतो. त्यापेक्षा पावलांना हात लावून पाहणे अधिक खरे सांगते.

प्राझोसिन नेमके अल्फा-१ ग्राहीच अडवते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात विंचूदंशावर त्याचा वापर रुजवला. मात्रा दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.६ मिलिग्रॅम, आणि हातपाय उबदार होईपर्यंत ती दर तीन तासांनी डॉक्टरांच्या आदेशानुसार दिली जाते. साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी गोळी यांतला फरक वेष्टनावर वाचूनच घ्यावा, कारण दुसरी कुटून दिल्यास सगळे औषध एकदम रक्तात उतरते.

पहिल्या मात्रेनंतर उभे राहताच रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून मूल कितीही रडले तरी आईने त्याला उचलून खांद्यावर घेऊ नये, हे तिला समजावणे तुमच्याकडेच येते. उलट्या आणि घामामुळे पाणी कमी झाले असेल तर तेही भरून काढावे लागते. घाम पाहून ॲट्रोपिन सुचेल, पण त्याने आधीच धावणारी नाडी आणखी धावते. नुसता बीटा ग्राही अडवणारे औषधही घातक, कारण अल्फा ग्राहींमुळे पडलेला आवळ तसाच राहतो.

तुमच्या परीक्षेत कदाचित न येणारी एक गोष्ट : गंभीर रुग्ण सुधारू लागला की दंशाच्या जागी कळा परत येतात. नातेवाईक घाबरतात, पण पावले उबदार असतील तर ते बरे होण्याचे लक्षण आहे.