पहिली १६ अक्षरं कचरा येतायत? की नव्हे, आयव्ही बघा

आधी तुमच्या पोस्टमध्ये टाकलेली की (डेटा उघडायची गुप्त किल्ली) काढून टाका आणि नवी मागून घ्या, टेस्टची असली तरी.

तुम्ही लिहिलंय की पोर्टलकडून आलेला एईएस-सीबीसीचा (एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत, सीबीसी हा ब्लॉक एकमेकांना जोडत ती वापरायचा मोड) डेटा डिक्रिप्ट करताना पहिली १६ अक्षरं कचरा येतात, पुढचं नीट वाचता येतं. म्हणजे की बरोबर आहे. ती चुकली असती तर काहीच वाचता आलं नसतं. सीबीसीत प्रत्येक १६ बाइटचा ब्लॉक उलगडला की त्याचा आधीच्या एन्क्रिप्टेड ब्लॉकशी एक्सॉर (बिटाशी बिट जुळवायची क्रिया) होतो. पहिल्याच्या आधी ब्लॉकच नसतो, तिथे आयव्ही (सुरुवातीसाठी दिलेले १६ बाइट) लागतो. म्हणून आयव्ही चुकला तर फक्त पहिला ब्लॉक बिघडतो. आता नीट बघा: कचऱ्यानंतर जेसन (महिरपी कंसात येणारा तुमचा मूळ डेटा) अगदी पहिल्या महिरपी कंसापासून पूर्ण दिसतोय का? तसं असेल तर त्यांनी आयव्ही डेटाच्या सुरुवातीलाच जोडून पाठवलाय. बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) सोडवून पहिले १६ बाइट कापा आणि तेच आयव्ही म्हणून द्या. सुरुवातच गायब असेल तर मात्र आयव्ही वेगळा आहे, तो मागावा लागेल.

आणि मागणं सोपं नसतं. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यासाठी असंच काम करत होतो. समोरच्या कार्यालयाच्या (नाव नको) कागदावर एवढंच: 'एईएस २५६', आणि ३२ अक्षरांची हेक्स (० ते ९ आणि a ते f मध्ये लिहिलेली) की. अहो, हेक्सची ३२ अक्षरं म्हणजे १६ बाइट, १२८ बिट! २५६ ला ३२ बाइट लागतात. विचारलं की ठरलेलं उत्तर, 'डॉक्युमेंटप्रमाणे करा, बाकीच्यांचं चालतंय.' द्वारका चौकाच्या गर्दीतून स्वतः गेलो तर साहेब रजेवर. शेवटी तिथल्याच एका ज्युनिअर मुलाने सांगितलं: ते हेक्स सोडवतच नव्हते, अक्षरं जशीच्या तशी ३२ बाइट म्हणून घेत होते. हेक्सच्या एका अक्षरात माहिती ४ बिटांचीच, म्हणजे नाव २५६ चं आणि जोर १२८ चाच. ही एक ओळ कागदावर असती तर कारखान्याची बिलं अडकली नसती. अजून संताप होतो.

मी क्रिप्टोग्राफीचा अभ्यासक नाही, सिस्टीम जोडायची कामं करतो. पण माझं ठाम मत आहे: मोड, पॅडिंग (शेवटचा अपुरा ब्लॉक भरायची रीत), आयव्ही कुठे, की कशी वाचायची, आणि मजकूर व त्याचा एन्क्रिप्टेड निकाल असा एक नमुना, हे सगळं मेलवर आल्याशिवाय कोडला हात लावू नका. आपली लायब्ररी तपासायला २००१ च्या फिप्स १९७ (एईएसचं अमेरिकी सरकारी मानक) मध्ये एकेका ब्लॉकचे नमुने आहेत, ईसीबी (प्रत्येक ब्लॉक सुटा एन्क्रिप्ट करणारा मोड) लावून पॅडिंगशिवाय चालवा. खऱ्या डेटाला मात्र ईसीबी कधीच नको, सारखे ब्लॉक एन्क्रिप्ट होऊनही सारखेच दिसतात.

पुढच्या कामात निवड तुमची असेल तर जीसीएम मोड घ्या, वाटेत कुणी डेटा बदलला तर डिक्रिप्ट करतानाच कळतं. फक्त एका कीवर तोच नॉन्स (आयव्हीसारखाच, एकदाच वापरायचा आकडा) पुन्हा वापरू नका.