चिकूचा जबडा आणि न मोडायची एफडी

प्रश्न: वय 34, साताऱ्यात राहतो, हातात पगार 58 हजार. घरी आई, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. आमचं साडेतीन महिन्यांचं गावठी पिल्लू, चिकू, जिन्यावरून पडलं आणि त्याचा खालचा जबडा एका बाजूला मोडला. एका दवाखान्यात प्लेट टाकायला 85 हजार सांगितले. दुसरे डॉक्टर म्हणाले, टेपचं मुसकं बांधून तीन-चार आठवडे पाहू, 9 हजारांत होईल. पण स्वस्तातलं करून मुक्या जिवावर अन्याय नको असं वाटतं. हाड लवकर जुळावं म्हणून कॅल्शियमची पावडर आणि टॉनिकं आणली, 3,200 रुपयांची. 1 लाख 80 हजारांची एफडी आहे, 7 टक्क्यांनी वाढते आहे, ती मोडायची नाही. मग कार्डवर ईएमआय करू की पॉलिसीवर कर्ज काढू? पॉलिसी मामेभावाने दिली आहे: वर्षाला 1 लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट म्हणजे 20 लाख. दोन हप्ते झाले. दुसरा कार्डवर भरला, आठ महिन्यांपूर्वी. त्यातले 92 हजार बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याची किमान रक्कम, वेळेवर भरतो. चिकूचा विमा आत्ता काढला तर खर्च मिळेल का?

उत्तर: शेवटचं आधी. नाही मिळणार. विमा घेण्याआधी झालेली इजा कुठलीही कंपनी भरून देत नाही, आणि पडल्याची तारीख पुढे ढकलून दावा करायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका.

आता चिकू. मी पैशांचा हिशेब करते, जबड्याचा नाही. म्हणून तुमचं पत्र माझ्या एका पशुवैद्य मैत्रिणीला वाचून दाखवलं. तिने पहिल्यांदा वयच विचारलं. साडेतीन महिने म्हटल्यावर म्हणाली, या वयात हाडावरचं आवरण जाड असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो, नवं हाड झपाट्याने धरतं. मोठ्या कुत्र्याला जिथे दोन-तीन महिने लागतात, तिथे पिल्लाचा जबडा पुष्कळदा तीन-चार आठवड्यांत धरतो. तुकडे फारसे सरकले नसतील आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसत असतील, तर टेपचं मुसकं हा रीतसर उपचार आहे. त्याला स्वस्तातली तडजोड समजू नका.

दुसरी गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात आणि त्यांच्याखाली, जबड्याच्या हाडातच, कायमच्या दातांचे अंकुर वाढत असतात. प्लेटचा स्क्रू त्या अंकुरात गेला तर दात वेडावाकडा येतो किंवा येतच नाही. शिवाय जबडा अजून वाढायचा आहे. म्हणून या वयात प्लेट टाकण्याआधी डॉक्टर दहादा विचार करतात. तुकडे सरकले असतील, दोन्ही बाजूंनी मोडला असेल किंवा चावा जुळत नसेल, तर शस्त्रक्रिया लागू शकते. त्यातही तारेने बांधणं किंवा दातांवर अॅक्रिलिकचा साचा बसवणं हे मार्ग असतात. 85 हजारवाल्यांना एवढंच विचारा: चावा जुळतोय का, आणि स्क्रू दातांच्या अंकुरांना कसे चुकवणार? उत्तर पटलं नाही तर एक्स-रे घेऊन शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जा. तुमच्याच जिल्ह्यात आहे, आणि हा सल्ला तुम्हाला जवळजवळ पेट्रोलच्या खर्चात मिळेल.

मुसकं बांधलं तर मेहनत तुमची आहे. पुढच्या दातांमध्ये साधारण एक सेंटिमीटर फट ठेवतात, जीभ बाहेर येऊन पातळ खाणं चाटता यावं म्हणून. तोंड पुरतं उघडत नसल्याने त्याला नीट धापा टाकता येत नाहीत, तेव्हा उन्हात आणि कोंदट खोलीत ठेवायचं नाही. उलटीची लक्षणं दिसली तर टेप लगेच कापायची. कात्री हाताशी असू द्या. आणि ती कॅल्शियमची पावडर बंद करा. पिल्लांच्या चांगल्या आहारात पुरेसं कॅल्शियम असतं आणि इतक्या लहान वयात जास्तीचं आलेलं शरीराला नीट परतवता येत नाही. 3,200 रुपयांत चिकूचे दोन एक्स-रे झाले असते. घाबरलेल्या माणसाला अशी टॉनिकं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

चिकूचं यातून बहुधा निभावेल. मला काळजी तुमच्या घराची वाटते.

'मिनिमम वेळेवर भरतो' हे तुम्ही जमेची बाजू म्हणून लिहिलंय. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के, त्यावर 18 टक्के जीएसटी. 92 हजारांवर महिन्याला सुमारे 3,800 रुपये. मिनिमम भरता 4,600. म्हणजे कर्ज उतरतं 800 रुपयांनी. आठ महिन्यांत तुम्ही 38 हजारांच्या आसपास भरलेत आणि लाखाचे 92 हजार झालेत. त्याच वेळी जी एफडी तुम्ही जिवापाड जपताय, ती महिन्याला हजार-अकराशे कमावते आहे. एका खिशात हजार येतात, दुसऱ्यातून पावणेचार हजार जातात. एफडी उद्याच मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड फार तर दीड-दोन हजार, कार्डाच्या पंधरा दिवसांच्या व्याजाएवढा. 92 हजार कार्डावर भरा. चिकूचं बिल त्या कार्डावर अजिबात घालू नका: जुनी बाकी असताना नव्या खर्चाला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू होतो.

उरतात 88 हजार. मुसक्याने भागलं तर 9 हजार जाऊन 79 हजार अडीअडचणीला राहतात. शस्त्रक्रिया अटळ ठरली तरी आधी कार्ड फेडा, मग शस्त्रक्रिया करा. हात अगदी रिकामा होईल, पण महिन्याचे 4,600 मोकळे होतील.

आणि ही वेळ आली कशामुळे? कुत्र्यामुळे नाही, पॉलिसीमुळे. वर्षाला सात लाख हातात येणाऱ्या माणसाला लाखाचा हप्ता विकला. तो झेपत नव्हता, म्हणून तर कार्ड वापरावं लागलं. 'दुप्पट' हा शब्द ऐकायला गोड आहे. दहा वर्षं लाख-लाख भरून विसाव्या वर्षी 20 लाख म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. हेच दहा हप्ते पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी बचत योजनेत, आजच्या 7.1 टक्क्यांनी साडेएकोणतीस लाखांच्या घरात जातात. तुमचे भरलेले दोन लाख पूर्ण बुडाले असं धरा. एक रुपयाही परत आला नाही. तरी उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये गेले तर त्याच विसाव्या वर्षी सुमारे 22 लाख होतात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं, पण थोडा उतरला तरी मामेभावाचा आकडा गाठला जातो.

म्हणून चार महिन्यांनी येणारा तिसरा हप्ता भरू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच राहू दिली, तर किती. या पॉलिसीवर 85 हजार कर्ज मिळेलच असं धरून चालू नका. कर्ज सरेंडर मूल्याच्या हिशेबात मिळतं आणि दोन हप्त्यांनंतर ते मूल्य भरलेल्या पैशांपेक्षा बरंच कमी असतं. मामेभावाशी बोलणं अवघड जाईल, मला कल्पना आहे. त्याला म्हणा, हप्ता झेपत नाही. ते खरंच आहे, त्यात कुणाचा अपमान नाही.

या पॉलिसीत तुमच्या जिवाचं संरक्षण बहुधा दहा लाखांच्या आसपास असेल, कागद काढून बघा. दहा लाखांत तुमचं घर दीड वर्ष चालेल. मुलगी तेव्हा साडेसहा वर्षांची असेल. तब्येत चांगली असेल, तंबाखू-सिगारेट नसेल, तर एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, तुमच्या वयात वर्षाला साधारण 12 ते 15 हजारांत मिळतो. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी सोडा, त्याआधी नाही. आणि आईच्या आरोग्य विम्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. पुढच्या पत्रात तिचं वय आणि आजार लिहून पाठवा.

चिकूचा तीन आठवड्यांनंतरचा एक्स-रे झाला की कळवा. कार्डाचं बिल शून्य आलं की तेही कळवा.