‘इथे मला काहीच जमत नाही’: शेनझेनमधले पहिले तीन महिने

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, 12 वर्षं बँकेत लोकांना मोबाइलवरून पैसे भरायला शिकवलं. आणि इथे मला 14 युआनचे टोमॅटो घेता येत नाहीत."

नाशिकहून नवऱ्याच्या नोकरीसाठी चीनमधल्या शेनझेन शहरात येऊन तिला सहा आठवडे झाले होते. माझ्याशी समुपदेशनाचा कॉल तिच्या रात्री नऊला, म्हणजे आपल्या साडेसहाला ठरलेला. झोप तुटक. दोन आठवड्यांत ती एकटी इमारतीबाहेर पडलेली नव्हती. जेवण म्हणजे ब्रेड, केळी आणि नवरा संध्याकाळी आणेल ते. तिला एकच विचारायचं होतं: मी परत यावं का?

हा प्रश्न चीनच्या मोठ्या शहरांत गेलेल्या जोडीदारांकडून फार वेळा येतो, आणि त्याच्या तळाशी जवळजवळ नेहमी ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ हे असतं. म्हणून परत येण्याचा निर्णय पहिले 12 आठवडे बाजूला ठेवायचा, असं आधी ठरवलं. मग त्या टोमॅटोंच्या दिवशी नेमकं काय घडलं, ते मिनिटामिनिटाने लिहून काढायला सांगितलं.

भाजीवालीने पिशवी वजनावर टाकली, पाटीला अडकवलेल्या क्यूआर कोडकडे बोट दाखवलं. हिच्या अलीपेला, म्हणजे तिथल्या मोबाइल पेमेंट ॲपला, भारतातलं व्हिसा कार्ड जोडलेलं होतं. पेमेंट गेलं नाही. दुसऱ्या प्रयत्नात बँकेचा ओटीपी मागितला गेला, तो आलाच नाही. मागे तिघं उभे. भाजीवाली मोठ्या आवाजात काहीतरी बोलली. ही पिशवी तिथेच ठेवून घरी आली, दार लावलं आणि तिला हायसं वाटलं.

ते हायसं वाटणंच घातक ठरलं. भीती वाटलेल्या जागेवरून निघून आलं की शरीर लगेच शांत होतं आणि मन शिकतं की निघून येणं हाच उपाय. दुसऱ्या दिवशी भाजीबाजार टळतो, चौथ्या दिवशी खालचं दुकान, मग लिफ्टसुद्धा. यात स्वभावाचा दोष नाही. कोणाचंही असंच होतं.

आणि मुळात पेमेंट का अडलं? पहिलं कारण म्हणजे तो कोड भाजीवालीचा वैयक्तिक होता. परदेशी कार्ड जोडलेल्या खात्यातून दुकानाच्या व्यावसायिक कोडवर पैसे जातात, एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला सहसा पाठवता येत नाहीत. छोट्या गाड्यांवर हा घोळ नेहमीचा. दुसरं कारण, तिच्या भारतीय सिमचं रोमिंग बंद होतं, मग ओटीपी येणार कुठून? म्हणजे 12 वर्षांचा अनुभव कुठेही उणा पडलेला नव्हता. हे तिने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज सैल झाला.

उपाय साधे होते. भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवायचं. त्याच्या डेटावर व्हॉट्सॲपही सहसा उघडतं, जे चिनी नेटवर्कवर बंद असतं. भारतीय बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू करायचे. 200 युआनच्या आतल्या खरेदीवर अलीपे परदेशी कार्डाला जादा शुल्क लावत नाही, त्याहून मोठ्या खरेदीवर 3 टक्के लागतात. पर्समध्ये 10 आणि 20 च्या नोटा मिळून 300 युआन ठेवायचे. निवास परवाना हाती आला की स्थानिक बँकेत खातं काढायचं, पण पासपोर्टवरचं नाव बँक, मोबाइल सिम आणि ॲप या तिन्ही ठिकाणी त्याच क्रमाने हवं. आडनाव एकीकडे आधी आणि दुसरीकडे नंतर पडलं, तर खातं जोडलंच जात नाही.

मग पायऱ्या ठरवल्या. पहिले तीन दिवस फक्त खालच्या दुकानातून पाण्याची एक बाटली. पुढे मेट्रोने तीन स्थानकं जाऊन परत, तेही मुद्दाम मशिनवरून रोखीने. मशिनला इंग्रजी पर्याय असतो आणि हातात पडतं हिरवं गोल प्लास्टिकचं टोकन. आत जाताना ते फाटकाला टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. त्याआधी पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर ठेवावी लागते; हे माहीत नसेल तर रक्षकाची हाक अंगावर आल्यासारखी वाटते. प्रत्येक पायरीला भीती 10 पैकी किती, ते आधी आणि नंतर लिहायचं. नियम एकच होता: भीती निम्मी होईपर्यंत तिथून हलायचं नाही. मेट्रोला पहिल्या दिवशी 8 होती, पाचव्या दिवशी 3.

खरी अडचण नवऱ्याच्या मायेची होती. ती फोन करायची, तो ऑफिसातून दुकानदाराशी बोलायचा, पैसेही तिथूनच भरायचा. प्रत्येक मदतीबरोबर ‘तुला जमणार नाही’ हा निरोप नकळत पोचत होता. त्याला एका सत्रात बोलावलं. ठरलं असं, की तिचा फोन आला तर त्याने आधी स्क्रीनशॉट मागवायचा, ‘तू काय करून बघितलंस?’ विचारायचं आणि 10 मिनिटं थांबायचं. पहिल्या आठवड्यात त्यालाच हे जड गेलं.

जेवणाचं वेगळं. ती अंडी खाते, मांस-मासे नाही. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की तुकडे वगळले जातात, पण रस्सा हाडांचा, परतायला डुकराची चरबी आणि वरून ऑयस्टर (कालवांचा) सॉस राहतोच. म्हणून मांस, मासे, कोळंबी, मांसाचा रस्सा, चरबी, ऑयस्टर सॉस अशी सगळी नावं घालून चिनी लिपीतलं कार्ड केलं. एक पदार्थ मात्र तोंडाने मागायचा ठरवला: ‘फानछिए छाओ दान’, टोमॅटो घालून परतलेलं अंडं. पहिल्यांदा खानावळीच्या मालकिणीला कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं, आणि तिने उच्चार दुरुस्त करून दिला.   शेनझेनमधले बहुतेक लोक बाहेरून आलेले. ही मालकीणही हुनान प्रांतातली निघाली. भाजीवालीचा मोठा आवाज म्हणजे राग नव्हे, बाजारातलं बोलणं तेवढ्याच पट्टीत चालतं, हेही तिला तिथेच बसून उमगलं.

कागदपत्रांत एक चूक थोडक्यात टळली. ती एस-1 म्हणजे कुटुंबाच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर होती. आल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. अर्जाआधीच्या एका शनिवारी दोघं हाँगकाँगला फिरायला निघाली होती. व्हिसाच्या हिशेबात हाँगकाँगला जाणं म्हणजे चीनबाहेर पडणं, आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथेच संपतो. सहकाऱ्याने अडवलं म्हणून बरं. हॉटेलऐवजी भाड्याच्या घरात राहताना 24 तासांत पोलीस नोंदणी लागते, तीही नवऱ्यानेच केलेली होती. घर बदलायची वेळ आली तेव्हा ही शेवटची पायरी तिच्यासाठी राखून ठेवली. पासपोर्ट, भाडेकरार आणि घरमालकाच्या ओळखपत्राची प्रत घेऊन एकटीने पोलीस ठाण्यात जायचं. अडलं तर 12367, परदेशी नागरिकांच्या प्रवेश-निवासाबद्दलची ही हेल्पलाइन इंग्रजीतही बोलते.

एवढं करूनही सलग दोन आठवडे झोप-भूक उडालेली असती किंवा जगणं नकोसं वाटलं असतं, तर पायऱ्या थांबवून तिला डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. शेनझेनमध्ये हाँगकाँग विद्यापीठाचं रुग्णालय आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं. रुग्णवाहिकेला 120, पोलिसांना 110. हे तीन तपशील पहिल्याच दिवशी तिच्या फ्रिजवर लावून घेतले होते.

अकराव्या आठवड्यात तिने नोंदणीच्या पावतीचा फोटो पाठवला. पोलीस ठाण्यात 40 मिनिटं लागली, भीती 7 वरून 2 वर. परत यायचा प्रश्न तिने काढला नाही. आता ती विचारते आहे की काम करायचं तर काय करावं लागेल, कारण कुटुंबाच्या परवान्यावर नोकरी करता येत नाही. आधी नोकरी देणारी कंपनी, मग कामाचा परवाना आणि निवासाचा प्रकार बदलून घेणं. पुढच्या गुरुवारी तिचा बायोडेटा घेऊन बसायचं आहे.