अंदाज बांधावा, अनुमान काढावं

एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न आहे: 'नववीच्या मुलांसाठी वैज्ञानिक पद्धतीवर टिपण लिहिते आहे. "अनुमान" आणि "अंदाज" समानार्थी धरले तर चालेल का? आणि हायपॉथिसिसला गृहीतक म्हणावं, परिकल्पना म्हणावं की आणखी काही?'

नाही चालणार. बाई, तुम्ही निदान विचारलंत तरी. बातम्या देणारे तेवढेही कष्ट घेत नाहीत. 'उद्या मुसळधार पावसाचा अनुमान', 'निकालाबाबत अनुमान लावले जात आहेत' हे रोज कानावर आदळतं. मराठीत अनुमान नपुंसकलिंगी आहे, ते अनुमान. त्याला पुल्लिंगी केलं की माल हिंदीतून आलाय हे उघड होतं, आणि 'लावणे' ही तर 'अनुमान लगाना'ची पावतीच. मराठीत अंदाज बांधतात, अटकळ बांधतात, तर्क लढवतात आणि अनुमान काढतात. काढायचं तर आधी आत काहीतरी असावं लागतं, एवढं ध्यानात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

अंदाजाचे रोजचे अर्थ सोडून देतो, ते सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याचं मूळ मात्र बहारीचं आहे. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे, टाकणे. समासाच्या शेवटी 'अंदाज' आला की अर्थ होतो फेकणारा. तीर फेकणारा तो तिरंदाज. गोळा फेकणारा तो गोलंदाज. हा मुळात तोफखान्यातला माणूस, क्रिकेटने त्याच्या हातात चेंडू दिला. त्याच्याच वजनावर मराठीने 'फलंदाज' घडवला. शब्दशः फळी फेकणारा! हे काम फलंदाज फक्त बाद झाल्यावर पॅव्हिलियनमध्ये जाऊन करतो. हिंदीने गेंदबाज-बल्लेबाज करून ही गंमत घालवली. 'नजरअंदाज' म्हणजे नजरेतून टाकून दिलेला. तोही हल्ली मराठीत घुसलाय, 'कानाडोळा' अजून हयात असताना.

आता फेकण्याचा आणि अंदाज बांधण्याचा संबंध काय? माझं मत असं, की लांबच्या खुणेवर पहिला गोळा टाकायचा तो लागावा म्हणून नव्हे, कुठे पडतो ते बघायला. दुसरा त्यावरून. ती पहिली फेक म्हणजेच अंदाज. फारसी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी यावर मला सुनावलं होतं, की 'अंदाजा' म्हणजे माप हा अर्थ तोफांच्या कितीतरी आधीचा आहे. अरबीत भूमितीला 'हंदसा' म्हणतात तो शब्द त्यावरूनच आला. सबब तुमची तोफ फुसकी. तोफा नव्हत्या, मान्य. बाण तर होते ना? मापाचा अर्थ आधीचा म्हणून फेकण्याचा संबंध तुटतो कसा, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

शिवाय मला लॅटिनची साक्ष आहे. इंग्रजीतला 'कंजेक्चर', म्हणजे अटकळ, हा लॅटिनमधून आला, आणि त्याचं मूळही फेकणेच: एकत्र फेकणे. न दिसणाऱ्या गोष्टीकडे मनाने काहीतरी भिरकावून बघायचं, हे दोन्हीकडे सुचलं. आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ पासून विज्ञानाबद्दल जे मांडलं त्याचा कणाच हा आहे. निरीक्षणांचा ढीग करून त्यातून शास्त्रज्ञ नियम गाळून काढत नाही. तो आधी धाडसाने अटकळ फेकतो आणि मग ती खोटी पाडायला जिवाचं रान करतो. टिकली तर तूर्तास टिकली. त्यांच्या १९६३च्या पुस्तकाच्या नावातच कंजेक्चर आहे. त्याचा अनुवाद 'अनुमान' असा करणारे विद्वान भेटतात तेव्हा मी कपाळावर हात मारतो. निरीक्षणांवरून सर्वसाधारण नियमाचं अनुमान निघत नाही, असं जो माणूस जन्मभर सांगत आला, त्याच्या लाडक्या कल्पनेला यांनी 'अनुमान' हेच नाव चिकटवलं! गणितातही तेच. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असं गोल्डबाख या गणित्याने १७४२मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणित्याला पत्रातून सुचवलं. चारवर अठरा शून्यं देऊन होणाऱ्या संख्येपर्यंत ते तपासून झालंय. तरी सिद्धता नाही, म्हणून ती अजून अटकळच. तिला अनुमान म्हणणं हा गणित्यांचा अपमान आहे.

गोंधळाचं एक कारण आपल्या घरातलंही आहे. भाषाशुद्धीच्या भरात फारसी म्हणून 'अंदाज' हाकलायचा आणि त्या जागी संस्कृत म्हणून 'अनुमान' बसवायचं, अशी सवय काहींना लागली. (फारसी-मराठी कोश करणारे माधव जूलियनच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले, हा आपल्या वाङ्मयातला मजेदार प्रसंग आहे. पण तो विषय वेगळा.) अंदाज गेला तर त्याचं काम करायला अटकळ आहे, तर्क आहे. अनुमानाला त्यात ओढू नका, त्याचं स्वतःचं काम आहे.

ते काम असं. 'मा' म्हणजे मोजणे. त्यावरून मान, मात्रा, परिमाण, प्रमाण, आणि भूमितीच्या वहीतलं प्रमेयसुद्धा. 'ठरल्याप्रमाणे'मधला 'प्रमाणे' त्यातलाच. अनुमान म्हणजे मागाहून मोजणे: आधी काही दिसलं, त्याच्या मागोमाग न दिसलेलं कळलं. डोंगरावर धूर दिसला, म्हणून अग्नी आहे. मधला दुवा म्हणजे व्याप्ती: जिथे धूर तिथे अग्नी. व्याप्ती दाखवता येत नसेल तर ते अनुमान नव्हे, बोलणारा कितीही गंभीर चेहऱ्याने बोलो.

इथे एखादा नैयायिक, म्हणजे आपल्या जुन्या न्यायशास्त्राचा (तर्कशास्त्राचा) जाणकार, मला पेचात पकडेल, की ढग पाहून पाऊस येईल म्हणणं हे तर न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने दिलेलं पूर्ववत् अनुमानाचं, म्हणजे कारणावरून कार्याकडे जाण्याचं, उदाहरण. मग हवामान खात्याने अनुमान म्हटलं तर बिघडलं कुठे? पण न्यायसूत्रांतला आक्षेपही वाचा की. पूर आलेली नदी, अंडी घेऊन निघालेल्या मुंग्या आणि मोराची केका (ओरडणं) यांवरून पावसाचं अनुमान काढतात; त्यावर विरोधक म्हणतो, नदी कुणी बांध घातल्याने फुगली असेल, मुंग्यांचं वारूळ कुणी मोडलं असेल, केका कुणी नक्कल करून काढली असेल. उत्तर असं, की घाबरून पळणाऱ्या मुंग्या वेगळ्या आणि पावसाआधी रांगेने निघालेल्या वेगळ्या. तुम्ही नीट न पाहिल्याचा दोष अनुमानाच्या माथी मारू नका. हे मला फार आवडतं. चार्वाक याच्याही पुढे गेले: सगळ्या जागी, सगळ्या काळी धूर आणि अग्नी बरोबर असल्याचं पाहून आलात का? अठराव्या शतकात तत्त्वज्ञ ह्यूम यांनी युरोपला छळलं ते याच प्रश्नाने.

मुलांना दोन्ही शब्द एकाच उदाहरणात दाखवायचे असतील तर नेपच्यून घ्या. युरेनस गणिताने सांगितलेल्या वाटेवरून ढळत होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी त्यावरून पलीकडे एक ग्रह असल्याचं आणि तो आकाशात कुठे असेल याचं अनुमान काढलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ योहान गाले यांना तो सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पण ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर? ते ल व्हेरिए यांनी बोडेच्या नियमावरून (ग्रहांच्या अंतरांचा एक ठोकताळा) अंदाजाने सुमारे ३८ खगोलीय एककं, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८ पट, धरून गणित सुरू केलं होतं. खरं निघालं ३०. अनुमान बरोबर, अंदाज चुकला, एकाच कागदावर. पुढे बुधाची कक्षा ढळते म्हणून त्याच माणसाने त्याच रीतीने सूर्याजवळ आणखी एक ग्रह असल्याचं १८५९ मध्ये सांगितलं. त्याला व्हल्कन हे नाव मिळालं, काहींना तो 'दिसला'सुद्धा. असा ग्रह नाही. १९१५ मध्ये आइनस्टाइन यांनी ग्रहावाचून हिशेब जुळवला. कक्षा ढळली की न दिसलेलं वस्तुमान असणारच, ही व्याप्तीच तुटली. ज्या खुणेवरून अनुमान काढायचं तो हेतू, जे सिद्ध करायचं ते साध्य. अशा हेतूला न्यायशास्त्रात 'सव्यभिचार' म्हणतात, म्हणजे साध्याशी एकनिष्ठ न राहणारा. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी जरा विचार करा.

हायपॉथिसिसचं राहिलंच. 'गृहीतक' नको, ते आपण वादाबाहेर ठेवतो, आणि हायपॉथिसिस तर वादात ढकलण्यासाठीच असतं. 'परिकल्पना' चालेल, पण ऐकताना कवितासंग्रह वाटतो. माझं मत 'अभ्युपगम'ला: न तपासलेली गोष्ट पुढच्या तपासासाठी तूर्त मान्य करणे, असा त्याचा अर्थ न्यायसूत्रांतच आहे. नववीच्या मुलांना उच्चार जड जाईल म्हणाल, तर याच मुलांना 'प्रकाशसंश्लेषण' पाठ आहे.